आधी दिवस, मग ठिकाण

टूर कंपनीच्या मागे न जाता स्वतःच्या हिमतीवर इस्रायल पाहायचा असेल, तर पहिल्या दिवशी नकाशा उघडू नये. भिंतीवरची दिनदर्शिका खाली काढावी. देश एवढासा आहे. सकाळी उत्तर टोकाहून गाडीने निघालेला माणूस संध्याकाळी तांबड्या समुद्रावरच्या एलातला पोचतो. अंतर तिथे कोणाची वाट अडवत नाही. वाट अडवतात ते वार आणि सण.

कोकणातल्या जुन्या माणसांना ही शिस्त माहीत होती. अलिबाग, पेण, रोह्याच्या पट्ट्यात राहणारे बेने इस्रायल ज्यू तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. ज्याच्या घरी शनिवारी तेल लागणार असेल, त्याने शुक्रवारीच बुधला भरून न्यायचा, एवढं गावाला समजत होतं. इस्रायलमध्ये फिरताना हाच एक नियम पाळला तर बाकीच्या बहुतेक अडचणी उभ्याच राहत नाहीत. फरक एवढाच, की इथे एक घाणा नाही, सबंध देशाचं चाक थांबतं.

शुक्रवारची दुपार

शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी आकाशात चांदण्या दिसू लागल्या की संपतो. पण प्रवाशाचा शब्बाथ त्याच्या बराच आधी लागतो. शुक्रवारी दुपारीच आगगाड्या आणि बसगाड्या एकेक करून बंद होऊ लागतात. हिवाळ्यात दिवस लहान, त्यामुळे शेवटची गाडी आणखी लवकर सुटते. जेरुसलेम आणि तेल अवीव या दोन्ही शहरांतली हलकी रेल्वेही थांबते. शनिवारी रात्री पहिली बस सुटेपर्यंत चोवीस तासांहून जास्त वेळ जातो. त्यामुळे शुक्रवारी दुपारी बारानंतर शहर बदलण्याचा बेत ठेवूच नये.

जेरुसलेममध्ये शुक्रवारची सकाळ महाने येहुदा बाजारात घालवावी. गाड्यावर हलव्याच्या वड्यांचे थर, ऑलिव्हची पिंपं, वेणीसारखा विणलेला हल्ला पाव, आणि खरेदीला लोटलेलं निम्मं शहर. दुपार उतरली की विक्रेते भाव पाडून ओरडू लागतात. उरलेली स्ट्रॉबेरी घेऊन जा, पाव घेऊन जा! तासाभरात फळ्या पडतात, रस्ता धुतला जातो. सूर्यास्ताच्या चाळीस मिनिटं आधी शहरभर भोंगा वाजतो. तो मेणबत्त्या लावण्याची वेळ झाल्याचा इशारा असतो. तोवर आपल्याही पिशवीत शनिवारच्या दोन जेवणांपुरतं सामान यायला हवं: पाव, चीज, काकडी-टोमॅटो, हुमुस, फळं, दही.

हॉटेलात उतरलात तर शब्बाथ आतही भेटतो. एक लिफ्ट आपणहून प्रत्येक मजल्यावर थांबत जाते, कारण धार्मिक ज्यू त्या दिवशी विजेचं बटण दाबत नाही. दहाव्या मजल्यावर खोली असेल तर दुसरी लिफ्ट शोधावी. नाश्त्याला ताजं ऑम्लेट मिळेलच असं नाही. जेवण आदल्या दिवशी शिजवून गरम ठेवलेलं असतं. एक फायदा मात्र आहे. शनिवारी खोली सोडण्याची वेळ अनेक हॉटेलांत संध्याकाळपर्यंत लांबवलेली असते. आरक्षण करताना तेवढं विचारून घ्यावं.

आता शनिवारी करायचं काय? सगळा देश बंद असतो हे अर्धसत्य आहे. तेल अवीवचा किनारा शनिवारी सगळ्यात जास्त गजबजतो. त्या शहरात नोव्हेंबर २०१९ पासून शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीत धावणाऱ्या फुकट बसगाड्या आहेत. हैफा हे पूर्वीपासून मिश्र वस्तीचं शहर. तिथे काही मार्गांवर शनिवारीही बस चालते. 'शेरूत' म्हणजे दहा माणसांची वडाप. ती भरली की सुटते, पैसे पुढच्यांच्या हातातून ड्रायव्हरकडे सरकतात, आणि तेल अवीव-जेरुसलेमसारख्या मार्गांवर ती शब्बाथलाही मिळते, भाडं थोडं वाढवून. पूर्व जेरुसलेममध्ये दमास्कस गेटजवळून सुटणाऱ्या अरब बसगाड्या शनिवारी नेहमीसारख्या चालतात.

त्यामुळे जेरुसलेममधला शनिवार जुन्या शहराच्या तटबंदीच्या आत काढावा. ख्रिस्ती, आर्मेनियन आणि मुस्लिम पेठा उघड्या असतात. येशूच्या समाधीचं चर्च उघडं असतं. त्याच्या दाराच्या किल्ल्या पिढ्यान्‌पिढ्या मुस्लिम घराण्यांकडे आहेत, हे तिथल्या पंथांच्या आपापसातल्या तंट्यावर शोधलेलं जुनं उत्तर. गाडी भाड्याने घेतली असेल तर मसादाचा किल्ला, एन गेदीचे झरे, कैसरियाचे रोमन अवशेष शनिवारीही पाहता येतात. पण गाडी शुक्रवारी सकाळीच ताब्यात घ्यावी, कारण दुपारी गाडी देणारी कचेरी बंद होते. ती गाडी घेऊन मेआ शेआरीमसारख्या कडव्या धार्मिक वस्तीत शब्बाथला शिरू नये. रस्ते अडथळे लावून बंद केलेले असतात, आणि नसले तरी तिथे इंजिनाचा आवाज हाच अपमान समजतात.

एक गोष्ट हटकून विसरली जाते. इथला आठवडा रविवारी सुरू होतो. रविवारी सकाळी सुट्टी संपवून तळावर परतणाऱ्या तरुण सैनिकांनी आगगाड्या आणि बसगाड्या भरलेल्या असतात. पाठीवर पोतं, खांद्याला बंदूक, आणि उभ्याउभ्या झोप. लांबचा प्रवास रविवारी दुपारी किंवा सोमवारी ठेवावा. नाझरेथला जायचं असेल तर रविवार टाळावा. तिथला ख्रिस्ती बाजार रविवारी बंद असतो. मुस्लिम दुकानं शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी मिटतात. शुक्रवार, शनिवार, रविवार अशा तीन सुट्ट्या तीन धर्मांनी वाटून घेतल्या आहेत. ज्याला हे गणित जमलं, त्याला रोज काहीतरी उघडं सापडतं.

त्यांचं पंचांग, आपलं पंचांग

सणांच्या बाबतीत मराठी प्रवाशाला एक सोय आहे, ती युरोपातल्या प्रवाशाला नाही. ज्यूंचं पंचांग आपल्यासारखंच चांद्र-सौर आहे. महिना अमावास्येनंतर सुरू होतो, आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून १९ वर्षांत ७ वेळा अधिक महिना येतो. त्यामुळे घरातल्या कालनिर्णयवरूनही त्यांच्या सणांचा अंदाज बांधता येतो. पुरीम होळीच्या पौर्णिमेला येतो. पेसाह चैत्री पौर्णिमेला. रोश हशाना म्हणजे नवं वर्ष घटस्थापनेच्या आसपास, योम किप्पूर दसऱ्याला, सुक्कोथ कोजागिरीला. २०२४ मध्ये योम किप्पूर आणि दसरा दोन्ही १२ ऑक्टोबरला होते, २०२५ मध्ये दोन्ही २ ऑक्टोबरला.

मात्र या अंदाजावर तिकीट काढू नये. त्यांचा अधिक महिना नेहमी अदार, म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास पडतो. आपला एकाच महिन्याला बांधलेला नसतो. म्हणून काही वर्षी दोन्ही पंचांगं महिन्याने फाकतात. २०२३ मध्ये आपल्याकडे अधिक श्रावण आला आणि योम किप्पूर दसऱ्याच्या महिनाभर आधी होऊन गेला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे तसंच: योम किप्पूर २१ सप्टेंबरला, दसरा २० ऑक्टोबरला. शिवाय त्यांची तारीख सूर्यास्ताला बदलते. २१ तारखेचा सण २० च्या संध्याकाळी लागलेला असतो.

यातला योम किप्पूर प्रवाशाने सर्वांत गंभीरपणे घ्यावा. त्या दिवशी बेन गुरियन विमानतळ बंद असतो. रेडिओ-टीव्हीचं प्रक्षेपण थांबतं. उपाहारगृहं बंद, दुकानं बंद, आणि एरवी धर्म न मानणारेही गाडी बाहेर काढत नाहीत. रिकाम्या महामार्गांवर मुलं सायकली घेऊन उतरतात. कोकणातले बेने इस्रायल हा दिवस पांढरे कपडे घालून, दारं लावून, घरात उपासात काढत. प्रवाशाने दोन गोष्टी कराव्यात. खाणं-पाणी आदल्या दिवशी सकाळीच आणून ठेवावं, आणि मग रस्त्याच्या मधोमध मनसोक्त चालावं. एवढं मोठं आधुनिक शहर इतकं शांत एरवी बघायला मिळत नाही. उपास नसला तरी रस्त्यावर खात-पीत फिरू नये.

पेसाहच्या सात दिवसांत अडचण वेगळी. गहू, जव यांसारख्या धान्यांचं आंबलेलं किंवा फुगलेलं काहीही ज्यू घरात राहू शकत नाही. सुपरमार्केटात पाव, बिस्किटं, शेवया, बिअर यांच्या फळ्या प्लास्टिकने झाकून टाकतात. पावाच्या जागी मात्सा येतो, पातळ, कोरडा, कुरकुरीत. तिसऱ्या दिवशी त्याचा कंटाळा आला तर अरब वस्तीतल्या भट्टीत गरम पाव मिळतो. पण तो पाव किंवा घरून नेलेल्या शंकरपाळ्या घेऊन कोशर, म्हणजे ज्यू आहारनियम पाळणाऱ्या, हॉटेलच्या जेवणघरात जाऊ नये. पेसाह आणि सुक्कोथ या दोन्हींचे पहिले आणि शेवटचे दिवस शब्बाथसारखे कडक बंदचे असतात. मधल्या दिवसांत वाहनं चालतात, पण सगळा देश सहलीला निघालेला असतो. खोल्यांचे भाव चढतात, राष्ट्रीय उद्यानांबाहेर गाड्यांच्या रांगा लागतात. रोश हशाना दोन दिवसांचा. तो गुरुवार-शुक्रवारी आला की शनिवार धरून सलग तीन दिवस वाहन नाही. २०२४ मध्ये तसंच झालं होतं.

सगळे सण असे बंदचे नाहीत. पुरीमला माणसं सोंगं घेऊन रस्त्यावर येतात. इतर शहरांत एक दिवस, जेरुसलेममध्ये त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे योग्य वेळी गाडी पकडली तर दोनदा पाहता येतो. हनुक्कामध्ये आठ संध्याकाळी खिडक्यांत दिवे चढत्या संख्येने लागतात, बेकऱ्यांत जॅम भरलेले डोनट येतात, आणि बसगाड्या नेहमीसारख्या धावतात. शावुओथ दुधा-चीजच्या पदार्थांचा सण, शाकाहाऱ्याला पर्वणीच.

वसंतात होलोकॉस्ट स्मरणदिनी सकाळी दहाला दोन मिनिटं भोंगा वाजतो. आठवड्याभराने येणाऱ्या सैनिक स्मृतिदिनी आदल्या रात्री आठला एक मिनिट आणि सकाळी अकराला दोन मिनिटं. गाड्या रस्त्याच्या मधे थांबतात, माणसं उतरून खाली मान घालून उभी राहतात. आपणही उभं राहावं. मोबाइल वर करू नये.

भोंग्यांचं सांगितलं तर एवढंही लक्षात ठेवावं: शब्बाथचा आणि स्मरणाचा भोंगा एकसुरी असतो, धोक्याचा भोंगा वर-खाली होत वाजतो. तो ऐकला की निवाऱ्यात जायचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध पेटल्यापासून ही माहिती केवळ वाचून सोडण्याची राहिलेली नाही. खोलीचा ताबा घेतला की वायफायच्या आधी निवाऱ्याची जागा विचारावी. नव्या इमारतींत घरटी एक पक्क्या भिंतींची खोली असते, जुन्या इमारतींत तळघर किंवा रस्त्यावरचा सार्वजनिक निवारा. तिकीट काढण्याआधी आणि निघण्याच्या आदल्या दिवशीही भारतीय परराष्ट्र मंत्रालयाची सूचना पाहावी. प्रवासविम्यात युद्धाची बाब वगळलेली तर नाही, हेही वाचून घ्यावं.

ताटातली वाटणी

मराठी शाकाहारी माणसाला परदेशात जी धास्ती असते, ती इस्रायलमध्ये बरीच कमी होते, आणि त्याचं श्रेय कोशरच्या नियमांना आहे. मांस आणि दूध एका ताटात येत नाही, हॉटेलच्या एका स्वयंपाकघरातही येत नाही. म्हणून कोशर उपाहारगृहं दोन जातींची: 'बसारी' म्हणजे मांसाची आणि 'हलावी' म्हणजे दुधाची. हलावी पाटी दिसली की आत कोंबडी-मटण नाही याची खात्री. पास्ता, पिझ्झा, चीज, सॅलड बिनधोक मागवावं; अंडं चालत असेल तर शक्शुकाही. दोन ठिकाणी मात्र जपायला हवं. मासे मांसात धरत नाहीत, त्यामुळे हलावी हॉटेलात ते सर्रास असतात. आणि 'पार्वे' शिक्क्याचा अर्थ दूधही नाही, मांसही नाही, इतकाच. त्यात अंडं किंवा मासा असू शकतो. पुरुषाने 'अनी त्सिमहोनी' आणि बाईने 'अनी त्सिमहोनीथ' म्हटलं की शाकाहारी असल्याचं कळतं. अंडं नको असेल तर 'ब्ली बेत्सा', मासा नको असेल तर 'ब्ली दाग'.

बसारी हॉटेलात जेवणानंतर दुधाचा चहा मागू नये. मिळणार नाहीच, आणि वेटरला तीच ती समजूत पुन्हा घालावी लागेल. कोकणातल्या बेने इस्रायल घरांनी या नियमावर आपल्या परसातूनच उत्तर काढलं होतं. मटणाच्या जेवणानंतर गोड करायचं तर नारळाचं दूध. नव्या वर्षाचा त्यांचा चिकाचा हलवाही नारळाच्या दुधातच शिजतो.

कोशर हॉटेलच्या दारात धर्मपीठाचं प्रमाणपत्र टांगलेलं असतं. शब्बाथला उघडं राहणारं ठिकाण सहसा ते मिळवू शकत नाही, म्हणून शनिवारी जेवायला कुठे मिळेल हे त्या चौकटीवरूनही ताडता येतं. वसतिगृहात किंवा कोणाच्या घरी स्वयंपाकघर वापरायला मिळालं तर आधी विचारावं. भांडी दोन संचांची असतात, बरेचदा मांसाला लाल खूण आणि दुधाला निळी, बेसिनंही दोन. दुधाच्या पातेल्यात कुणी मटणाचा रस्सा गरम केला तर त्या घराला भांडं शुद्ध करत बसावं लागतं. सोवळ्या-ओवळ्याचं स्वयंपाकघर ज्याने लहानपणी पाहिलंय, त्याला हे सांगायला नको.

रस्त्यावरचं खाणं स्वस्तात स्वस्त आणि उत्तम. पिटात भरलेलं फलाफल, आणि इराकी ज्यूंनी आणलेलं साबिह: तळलेली वांगी, उकडलेलं अंडं, काकडी, ताहिनी आणि वरून पिवळी, आंबट, मेथीच्या वासाची आंब्याची चटणी. तिला तिथेही 'अंबा'च म्हणतात. बगदादी ज्यूंच्या मुंबईच्या व्यापाराशी तिचं नातं सांगितलं जातं. हॉटेलातला नाश्ता भरपूर असतो आणि त्यात मांस नसतं, तेव्हा सकाळी पोटभर खाऊन दुपार फलाफलवर निभावली तर खर्च आटोक्यात राहतो. देश महाग आहे. एका शेकेलला आपले वीसहून जास्त रुपये पडतात. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. बाटली भरून घ्यावी. बसून जेवलं तर बिलाच्या दहा-बारा टक्के टीप देण्याची रीत आहे.

बऱ्याच जागी बेसिनशेजारी दोन कानांचा तांब्या ठेवलेला दिसतो. तो पाणी पिण्याचा नाही. पाव मोडण्याआधी दोन्ही हातांवर पाणी घेण्याचा आहे.

टोपी, ओढणी आणि हात

पश्चिम भिंतीपाशी, म्हणजे कोतेलला, जायला तिकीट नाही. रात्रंदिवस उघडी असते. सामानाची तपासणी होते. पुरुषांचा आणि बायकांचा भाग वेगळा. पुरुषाने डोकं झाकायचं. तिथे फुकट टोपी मिळते, पण आपली क्रिकेटची टोपीही चालते. बाईचे खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. पिशवीत एक ओढणी कायम असावी. भिंतीच्या फटीत चिठ्ठी ठेवायला कोणीही जाऊ शकतं, ज्यू असण्याची अट नाही. परतताना बरेच जण भिंतीकडे पाठ न करता काही पावलं उलटं चालतात. शुक्रवारी संध्याकाळी तिथे जरूर जावं. तरुणांची कडी धरून गाणी चाललेली असतात. पण सूर्यास्तानंतर फोटो नाही, फोन नाही, वहीत टिपणंही नाही. शब्बाथला लिहिणंही कामात मोडतं.

तिथूनच वर हरम अल शरीफ या मुसलमानांच्या पवित्र आवारात जाणारा लाकडी पूल आहे. मुसलमान नसलेल्यांना मुघराबी दरवाजातून, रविवार ते गुरुवार, ठरावीक तासांतच सोडतात, शुक्रवारी-शनिवारी नाही. सकाळी लवकर रांग लावावी. धार्मिक पुस्तकं, पूजेच्या वस्तू, जपमाळ खोलीवरच ठेवावं. सुवर्णघुमटाच्या आत प्रवेश मिळत नाही, आवारातून पाहायचा.

मेआ शेआरीम ही १८७४ साली वसलेली वस्ती. ती पाहायची तर पाहायला आल्याचा आव न आणता. घोळक्याने जाऊ नये, माणसांचे, विशेषतः मुलांचे फोटो काढू नयेत. बाईने लांब बाह्या आणि लांब झगा घालावा. कडव्या धार्मिक स्त्री-पुरुषांशी हस्तांदोलनाला हात पुढे करू नये. ते परक्या स्त्री-पुरुषाला स्पर्श करत नाहीत. आपला नमस्कार इथे फार उपयोगी पडतो. कोणाला अवघडल्यासारखं होत नाही. तेल अवीवच्या नोर्दाऊ किनाऱ्यावर तर समुद्रही वारांनी वाटलेला आहे: रविवार, मंगळवार, गुरुवार बायकांचा, सोमवार, बुधवार, शुक्रवार पुरुषांचा, शनिवारी सगळ्यांचा, कारण त्या दिवशी धार्मिक लोक पोहायला येत नाहीत.

याद वाशेम हे होलोकॉस्टचं स्मारक शनिवारी बंद असतं, शुक्रवारी अर्धा दिवस उघडं. प्रवेश फुकट, जागा आधी राखावी. दहा वर्षांखालच्या मुलांना मुख्य संग्रहालयात घेत नाहीत. इस्रायल म्युझियममध्ये मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेल्या गुंडाळ्या पाहायला सगळेच जातात. तिथेच कोचीनच्या कडवुंभागम सिनेगॉगचा लाकडी अंतर्भाग आणून उभा केला आहे, तो चुकवू नये.

घरी बोलावलं तर

शुक्रवारच्या रात्रीच्या जेवणाचं आमंत्रण मिळालं तर नाही म्हणू नये. फुलं किंवा कोशर वाइन घेऊन जावं, तीही शब्बाथ लागण्याआधी. धार्मिक घर असेल तर काही पथ्यं: दाराची बेल न दाबता टकटक करावी; फोन बंद करून पिशवीत टाकावा; आणि न्हाणीघरातला दिवा सवयीने मालवू नये. मालवला तर दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत तो लावणारं कोणी नाही. दाराच्या चौकटीवर तिरकी बसवलेली छोटी डबी म्हणजे मेझुझा. आत चर्मपत्रावर धर्मग्रंथातले उतारे असतात. ती शोभेची वस्तू नाही, उघडून पाहू नये. जेवणाआधी वाइनच्या पेल्यावर आशीर्वाद म्हणतात, मग हात धुतात, आणि हात धुतल्यापासून पाव मोडेपर्यंत कोणी बोलत नाही. आपणही गप्प राहावं. वाइन मिळत नव्हती तेव्हा बेने इस्रायल भिजवलेल्या मनुकांचं सरबत करून त्यावर हाच आशीर्वाद म्हणत.

ही माणसं आता दिमोना, लोद, रामला, अश्दोद, बेरशेवा या गावांत आहेत. पेणकर, दिवेकर, केहिमकर अशी आडनावं दारांवर दिसतात. १९४८ नंतर ती इकडे आली, आणि ज्यूपणावर शंका घेणाऱ्या धर्मपीठाशी भांडून १९६४ मध्ये त्यांनी आपली बरोबरी मान्य करून घेतली. जुन्या पिढीत मराठी अजून आहे; 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक तिथूनच निघत आलं. दिमोनाला मुद्दाम जायचं तर गुरुवारी किंवा शुक्रवारी सकाळी जावं. शब्बाथच्या खरेदीला बायका बाहेर पडलेल्या असतात, आणि भारतीय वाणसामानाच्या दुकानात पोहे, कोकम, पापड यांच्या निमित्ताने गप्पा सुरू होतात. 'मावशी, तुमचं गाव कुठलं?' एवढा प्रश्न पुरतो.

कागद आणि तपासणी

भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागतो. मुंबईत इस्रायलचा वाणिज्य दूतावास आहे. नियम बदलत असतात, अर्जाआधी ताजे पाहावेत. तिथे पोचल्यावर पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, फोटो असलेली एक निळी चिठ्ठी देतात. ती हरवू नये. परदेशी पर्यटकाला हॉटेलच्या बिलावरचा व्हॅट माफ होतो तो त्या चिठ्ठीच्या आधारे, आणि बेथलेहेमहून परतताना नाक्यावर पासपोर्टबरोबर तीही दाखवावी लागते.

विमानतळावरच 'राव-काव' हे बस-रेल्वेचं कार्ड घ्यावं. तिथून जेरुसलेमच्या यित्झाक नावोन स्टेशनला गाडी पंचवीसेक मिनिटांत पोचते. शब्बाथमध्ये विमान उतरणार असेल तर ती नाही, मग टॅक्सी. एल अल कंपनीची विमानं शब्बाथला उडत नाहीत, इतर कंपन्यांची उडतात. परतताना तीन तास आधी पोचावं. सुरक्षा अधिकारी विचारतात: कुठे राहिलात, कोणाला भेटलात, बॅग कोणी भरली, कोणी काही दिलं का. तोच प्रश्न फिरवून पुन्हा विचारतात. उत्तर खरं आणि थोडक्यात द्यावं; विनोद करू नये. हॉटेलांची बिलं हाताशी असली की काम लवकर आटोपतं.

आठवडा कसा लावावा

सुक्कोथ संपल्यानंतरचे आठवडे, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर, सगळ्यांत सोयीचे. ऊन उतरलेलं, पाऊस अजून जोर धरलेला नसतो, मोठे सण मागे पडलेले. पुरीम आणि पेसाह यांच्या मधलाही महिना चांगला.

सोमवारी उतरावं. मंगळवारी तेल अवीव आणि जुनं याफा. बुधवारी हैफा: बहाई बागा, आणि शहरातली भारतीय सैनिकांची दफनभूमी. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडेस्वारांनी हे शहर तुर्कांकडून घेतलं होतं. गुरुवारी सकाळी जेरुसलेम गाठून याद वाशेम. शुक्रवारी बाजार, संध्याकाळी कोतेल. शनिवारी जुन्या शहरात पायी. रविवारी सकाळी हरम अल शरीफ, दुपारी इस्रायल म्युझियम. सोमवारी मसादा आणि मृत समुद्र. मंगळवारी परत. यात कुठेही बंद दारापुढे उभं राहावं लागत नाही, आणि शनिवारी टॅक्सीवर पैसे उधळावे लागत नाहीत. ठिकाणं आवडीप्रमाणे बदलावीत. वार मात्र बदलण्याआधी दोनदा विचार करावा.